मांडी घालून बसायची मोटार

पुढे हैद्राबादेत लहानथोर जिला 'बैठकगाडी' म्हणू लागले, त्या गाडीची मापं कीर्तनात घेतलेली होती. कोणाला हे खोटं वाटेल. पण एकनाथराव मिस्तरींनी ती घेतली, आणि तीही गौलीगुड्याच्या देवळात, खांबाला टेकून, आख्यान ऐन रंगात आलेलं असताना.

एकनाथराव वीस वर्षं एका जहागीरदाराच्या मोटारखान्यात मिस्तरी होते. तिथली एकेक गाडी म्हणजे चाकं लावलेली हवेली. आत बसणार दोघं, आणि पेट्रोल मात्र हत्तीला पाणी पाजावं तसं पाजायचं. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य हिंदुस्थानात आलं, वर्षभरात जहागिरीही गेल्या आणि मोटारखान्याला कुलूप लागलं. निरोप देताना जहागीरदारांनी काय हवं विचारलं, तर या गृहस्थांनी कोपऱ्यात धूळ खात पडलेली जुनी मोटारसायकल मागून घेतली. आता शहर मास्तरांचं न् कारकुनांचं झालं, मग त्यांना मोटार नको का, एवढाच त्यांचा विचार. हलकी, तीन चाकांची, चार माणसांची गाडी. इंजिन पुढच्या एकुलत्या चाकावर, त्याच्यामागे चालवणारा, आणि त्याच्यामागे तिघं.

गाडी माणसावर बेतायची, असं त्यांचं म्हणणं. पण माणसं मोजायची कुठं? गल्लीतल्या बायाबापड्यांना दोरी लावायला गेले असते, तर लोकांनी त्यांचंच माप काढलं असतं. कीर्तनात मात्र सगळं शहर आपण होऊन समोर येऊन बसतं. चातुर्मासभर दत्तोबाबुवांचं कीर्तन चाललं आणि चातुर्मासभर एकनाथराव मोजत राहिले. या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत जागा किती, टोपी जमिनीपासून किती उंच, सतरंजीच्या एका पट्ट्यावर माणसं किती मावतात. कानांवर अभंग पडतोय, डोळ्यांना धार लागलीय आणि बोटं मात्र दोऱ्याला गाठी मारतायत. भक्ती आणि कारागिरी यांत त्यांना कधी दोन देव दिसलेच नाहीत. अशी दोनशे बारा माणसं वहीत उतरली.

गाडी तयार झाली ती जानेवारीत. प्रजासत्ताक व्हायला अकरा दिवस उरले होते, आणि एकनाथरावांना निर्णयाला एकच. सोलापूरच्या एका गिरणीतून फिटरच्या जागेचं पत्र आलं होतं, सोमवारी उत्तर द्यायचं होतं. इकडे मलकपेठेत भगवंतरावांचा लोखंडी दारं-खिडक्यांचा कारखाना. ते म्हणाले होते, रविवारी येतो. चौघं बसून बंजारा हिल्सची चढण चढून दाखवा, कारखान्याचा अर्धा भाग तुमच्या गाडीला देतो. मात्र कोणी खाली उतरून धक्का दिला, की सौदा मोडला. म्हणजे गाडी चढली तर हैद्राबाद, नाहीतर सोलापूर आणि गाडीचे नकाशे ट्रंकेत.

रविवारी सकाळी भगवंतराव आले. अंगात सूट, पायात चकचकीत बूट. एकनाथरावांच्या पत्नी सत्यवतीबाईंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. दत्तोबाबुवाही कौतुकानं आले होते, त्यामुळे मालक, बुवा आणि सत्यवतीबाई अशी मागची तिघं जमलीच. भगवंतरावांनी दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि ते तसेच अडकून उभे राहिले. आत सपाट फळी होती. त्यावर गादी, गादीवर स्वच्छ चादर. पाय सोडायला जागाच नव्हती.

"मिस्तरी," ते म्हणाले, "हौ, बसतो, पण पाय काय गळ्यात घालू?"

एकनाथरावांनी वही उघडली. एक पान, दुसरं पान, दहावं पान. दोनशे बारा माणसं, आणि त्यांतला एकही पाय खाली सोडून बसलेला नव्हता. कीर्तनात कोण तसा बसतो? चालवणाऱ्याची जागा स्वतःवर बेतली होती, ती तेवढी बरोबर होती. बाकी सगळं शहर त्यांनी मांडी घातलेलं मोजलं होतं. दोन महिने आपल्याच घरात फळी ठोकताना त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण त्यांच्या घरातही कोणी दुसऱ्या तऱ्हेनं बसत नसे.

"तुम्ही मला एकदा तरी आत बसवून विचारायचं होतंत," सत्यवतीबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनाच हसू आलं. "पण मीसुद्धा मांडीच घातली असती."

भगवंतराव घड्याळ बघायला लागले. ही मोटार नव्हे, माजघर आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. तोवर बुवांनी वहाणा काढल्या होत्या. ते सरळ आत शिरले, उपरणं सावरून ऐसपैस बसले आणि बाजूच्या गादीवर थाप मारून म्हणाले, "या मालक. मऊ आहे."

विजार तंग आहे, मांडी घातली तर फाटेल, असं भगवंतरावांनी सांगून पाहिलं. सत्यवतीबाई घरात गेल्या आणि एकनाथरावांचं धुतलेलं धोतर घेऊन आल्या. आता नाही कसं म्हणणार? पाच मिनिटांनी मालक बाहेर आले ते वर कोट, खाली धोतर, पाय उघडे. गल्लीतली पोरं हसली. त्यांच्याकडे न बघता ते गाडीत चढले.

गाडी निघाली. आबिड्स मागं पडलं, लकडी का पूल मागं पडला, खैरताबाद आलं. टांगेवाले घोडे आवरून बघत राहिले. एका सायकलस्वारानं बराच वेळ बरोबरी केली आणि मग हात जोडले. बुवा प्रत्येक वळणाला "वा" म्हणत होते. भगवंतरावांनीही पाठ टेकून गुडघ्यावर ताल धरलाय हे एकनाथरावांना आरशात दिसलं.

चढण लागली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर खडी पसरलेली होती. गाडीचं नाक वर झालं, भार मागे गेला आणि पुढचं चाक जागच्या जागी फिरू लागलं. खडे सटासट उडायला लागले. इंजिन ओरडतंय आणि गाडी बोटभर पुढे नाही. ती मागे घसरायच्या बेतात आली. भगवंतरावांचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"भार पुढे हवा," एकनाथराव दातांतून म्हणाले. "भार चाकावर यायला हवा."

कीर्तनाला उशिरा आलेल्यांची दाराशी गर्दी झाली की बुवा वीणा थांबवून एकच वाक्य बोलतात. ते वाक्य ऐकलं की हैद्राबादेतला कुठलाही मराठी माणूस, वकील असो की हमाल, न उठता, मांडी न मोडता, आहे तसाच पुढे सरकतो. बुवांनी तोच आवाज लावला.

"मंडळी, पुढे सरका, जागा करा."

सत्यवतीबाई सरकल्या. बुवा सरकले. आणि कोट घातलेले भगवंतराव, कडीवरचा हात सोडून, दोन हातांवर रेटा देत, लहानपणापासून सरकत आले होते तसे सुळकन पुढे सरकले. मध्ये आडवं काही नव्हतंच, नुसती सपाट फळी. तिघांचा सगळा भार एकनाथरावांच्या पाठीवर आला, एकनाथराव हँडलवर ओणवे झाले. चाकानं खडी चावली, जमीन पकडली, गाडी हिसका देऊन उसळली आणि चढतच गेली. बुवांनी विठ्ठलाचं नाव घेतलं, टाळ्या सुरू झाल्या आणि त्या टाळ्यांतच माथा आला.

वर वारा होता. खाली हुसेनसागर चमकत होता. सत्यवतीबाई डोळे पुसत होत्या.

भगवंतराव उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, आत वाकून गादी उचलली आणि फळीवर बोटांनी वाजवून पाहिलं. एकनाथराव घाईघाईनं म्हणाले, की चूक झाली, कबूल, पुढच्या गाडीत पाय सोडायला खड्डा करतो.

"खड्डा नक्को," भगवंतराव म्हणाले. "खुर्च्या असत्या, तर आपण आत्ता खाली धक्का मारत असतो. फळी अशीच राहू द्या. उद्या सकाळी आठला या, पत्रा कापायला घेऊ. आणि सोलापूरला काय ते आजच कळवून टाका."

एकनाथरावांनी हात जोडले. मग खालमानेनं सांगितलं, की मोटारसायकलचं इंजिन, त्याला मागे जायचा गिअर नाही. गाडी वळवायची तर उचलावी लागेल.

भगवंतरावांनी धोतर खोचलं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला बुवा, पुढे एकनाथराव, मागे सत्यवतीबाई. चौघांनी मिळून गाडी अलगद उचलली आणि तिचं तोंड शहराकडे केलं.