आडवा तुरा

“तोड,” वेत्तिडियस म्हणाला आणि शिरस्त्राण त्यानं माझ्या ऐरणीवर आदळलं. “आत्ताच्या आत्ता तोड तो तुरा.”

मी छिन्नी शोधायचं नाटक करत राहिलो. दहाच दिवसांपूर्वी हाच माणूस हेच शिरस्त्राण घेऊन माझ्या भट्टीवर आला होता. दार लोटून घेत, लाजत म्हणाला होता, “आडवा बसवून दे. कुणाला बोलू नकोस.” आमच्या रोमन सैन्यात या कानापासून त्या कानापर्यंत आडवा तुरा फक्त शताधिपतीचा, नावाला शंभर पण प्रत्यक्षात ऐंशी जणांच्या तुकडीच्या प्रमुखाचा. लढाईच्या धुळीत माणसांना आपला प्रमुख त्यावरूनच ओळखायचा असतो.

आमचा शताधिपती तापानं गेला होता. वेत्तिडियस त्याचा दुय्यम, अकरा वर्षं. दुय्यमाची जागा तुकडीच्या मागे. हातात लांब काठी, कुणी कच खाल्ली की ढोसून पुढे ढकलायचं. अकरा वर्षं बिचाऱ्यानं आमच्या पाठी पाहिल्या. कचेरीतल्या कारकुनानं “तुझंच नाव वर गेलंय” म्हणून सांगितलं आणि हा शहाणा हुरळून गेला. हुकूम हातात पडायच्या आत तुरा करून घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पण मी तरी त्याला कुठे अडवलं? घोड्याचे चांगले लाल केस निवडून मीच तो तुरा बांधला. एका तंबूत किती वर्षं झोपलो होतो आम्ही.

काल हुकूम आला आणि त्याच्यासोबत माणूसही आला. नोवेलियस नाव, पंचविशीचा, रोममधल्या कुणा बड्या असामीची चिठ्ठी कमरेला खोचून आलेला.

“अरे, तो टिकत नाही,” मी म्हणालो. “डॅन्यूब नदीवरचा एक हिवाळा काढला तरी पुष्कळ.”

“मागचा शताधिपती आला तेव्हाही हेच म्हणाला होतास.”

“मग अर्ज कर ना सेनापतीकडे.”

“करतो की! लिहितो, चिठ्ठी नाही, नुसत्या जखमा आहेत, चालतील का? तोड रे, लेका. कुणी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला.”

मी छिन्नी लावली, तेवढ्यात नोवेलियस धापा टाकत आत आला. त्याची सामानाची गाडी दोन मुक्काम मागे बर्फात रुतली होती. तासाभरात नववर्षाची शपथ, खुद्द सेनापती पाहणीला येणार आणि याच्या डोक्यावर काही नाही. बाकीचे शताधिपती आज आपापली शिरस्त्राणं घालणारच, उसनी कोण देणार?

“आडवा तुरा बसवायला किती वेळ लागेल?”

“एक दिवस, साहेब,” मी म्हणालो. ते खरंच होतं, आणि सांगताना मला फार बरं वाटलं.

मग त्याची नजर ऐरणीवर गेली. “हे कुणाचं?”

मोडीत निघालंय, असं मी म्हणणार होतो. पण वेत्तिडियस आधी बोलला. “तुमचंच आहे, साहेब. तयार ठेवलंय.”

नोवेलियसनं शिरस्त्राण फिरवून पाहिलं. मानेवरच्या पत्र्यावर टिंबाटिंबांनी नाव ठोकलेलं होतं. “वेत्तिडियस? हा कोण?”

कालपासून तो याला नुसतं ‘दुय्यम’ म्हणून हाक मारत होता. नाव विचारायची त्याला गरजच पडली नव्हती.

“असेल कुणी आधीचा,” वेत्तिडियस म्हणाला. “इथं शिरस्त्राणं एकाकडून दुसऱ्याकडे जातात. नावं तशीच राहतात.”

माझ्या हातातला हातोडा मला फेकून मारावासा वाटला. कुणाला, ते मात्र ठरत नव्हतं.

शिरस्त्राण नोवेलियसला ढगळ झालं. वेत्तिडियसनं आत लोकर कोंबली. मग त्याच्या कमरेकडे पाहून म्हणाला, “शताधिपतीची तलवार डावीकडे हवी, साहेब. उजवीकडे आम्ही शिपाई लावतो.” पट्टा सोडून त्यानं तो स्वतःच्या हातानं नीट बांधला. साहेबांची स्वारी निघून गेल्यावर कोपऱ्यातलं एक जुनं, बोडकं शिरस्त्राण उचलून त्यानं आपल्या डोक्यावर चढवलं.

“तुला लाज नाही वाटत?” मी विचारलं.

“सेनापतीसमोर आपल्या तुकडीचं हसं झालं असतं,” तो म्हणाला. “चल, उशीर होतोय.”

मैदानावर बर्फ भुरभुरत होता. मी शेवटच्या रांगेत. पुढे नोवेलियसनं मान वळवली, शिरस्त्राण घसरून डोळ्यांवर आलं आणि माझ्या शेजारचा बुक्को फिसकन हसला. त्याच क्षणी मागून काठी त्याच्या खांद्यावर बसली.

“समोर आपला शताधिपती उभा आहे,” वेत्तिडियस हळू आवाजात म्हणाला. “नीट उभा राहा.”

मग शपथ सुरू झाली. ऐंशी जणांच्या गलक्यात माझ्या पाठीमागचा तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. एक शब्दही न गाळता तो सम्राटाशी एकनिष्ठ राहण्याचं वचन देत होता. मी त्या वर्षी नुसते ओठ हलवले.