मागच्या बाजूची दुसरी सही

डेलमारला शिकार जमत नाही, हे आमच्या अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. ऑक्टोबर लागला की आमच्याकडचे पुरुष हरणांमागे डोंगरात जातात, बायका आठवडाभर सुटलो म्हणून हुश्श करतात, आणि मग कोणाच्या ना कोणाच्या अंगणात हरीण टांगलेलं दिसतं. आमच्या अंगणात पाच वर्षांत एकदाही दिसलं नाही. डेलमार आमचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन एकटा जायचा आणि रिकाम्या हाताने, पण खुशीत परतायचा. एका वर्षी वाळवलेल्या मांसाचं पाकीट घेऊन आला, तर त्यावर पेट्रोल पंपाची किंमत चिकटवलेली तशीच. मी शेजारणीला म्हणायचे, हरणं आता त्याला नावाने हाक मारत असतील. आम्ही दोघी पोट धरून हसायचो. काय म्हणावं माझ्या अकलेला!

या जूनमध्ये तो शाळेच्या बसगाड्यांच्या नोकरीतून मोकळा झाला आणि आम्ही दोघंच त्या कॅम्परमधून निघालो. दहा दिवस, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, अशी लाल दगडांची सरकारी उद्यानं बघत परत घरी. त्याने आखलेल्या वाटेत आर्चेस, ते दगडी कमानींचं उद्यान, नव्हतं. मीच हट्ट धरला, की आयुष्य या लाल दगडांच्या शेजारी गेलं आणि त्या कमानी मी अजून पाहिल्या नाहीत. खरं सांगायचं तर कमानी गेल्या खड्ड्यात. आर्चेसच्या गेटापासून दहा मिनिटांवर मोआब आहे, आणि मोआबमध्ये मार्लिस राहते.

मार्लिस आमची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी, महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेव्हा आमच्या चर्चमध्ये कोणीही उठून आपली श्रद्धा चारचौघांत सांगतं, तेव्हा ही उठली आणि म्हणाली, माझी श्रद्धा उरलेली नाही, आणि खोटं बोलून इथे बसायचं मला जमत नाही. डेलमार तेव्हा चर्चच्या कामात मोठ्या जागेवर होता, पुढेच बसला होता. त्याचे कान लालबुंद झालेले मला मागून दिसत होते. घरी आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर हात ठेवून सांगितलं, की ती परत चर्चच्या दारातून आत येत नाही तोवर आपण दोघं तिच्या दारात जायचं नाही. भेट नाही, फोन नाही, पत्र नाही. मी हो म्हटलं. तीस वर्षं त्याच्याबरोबर प्रार्थना केली होती, नाही कशी म्हणणार होते?

आणि मी ते पाळलं. पुढच्या फेब्रुवारीत तिचं पत्र आलं, तेव्हा डेलमार घरी नव्हता. उघडलं असतं तर कोणाला कळलं असतं? मी पाकिटावर ‘परत पाठवावे’ असं लिहिलं, पोस्टमनच्या हातात दिलं आणि संध्याकाळी डेलमारला सांगितलं. तो सूप पीत राहिला. मला वाटलं, मनातल्या मनात शाबासकी देतोय.

तिला मुलगी झाली हे मला भाचीकडून कळलं. नाव विचारायचा धीर झाला नाही. मी एक गोधडी शिवली, पाळण्यात मावेल एवढी, पिवळी-निळी, आणि कपाटात खाली दडवली. या सहलीला निघताना ती पिशवीत घातली. बाळ आता बाळ राहिलं नसणार, एवढं मलाही कळत होतं. पण द्यायला दुसरं काही नव्हतं.

तीन दिवस मी वाक्य जुळवत होते. डेलमारकडून एकदा हो मिळवायचं, दहा मिनिटांपुरतं, बस. कॅपिटल रीफमध्ये जुन्या फळबागा आहेत, तिथे चेरी पिकल्या होत्या. शिडीवर चढून आपल्या हाताने तोडायच्या, खायच्या. तिथे तो जरा सैल झालेला दिसला म्हणून मी विचारलं, मोआबमध्ये थोडं थांबू या का. नुसतं दारापर्यंत. मी आत जाणार नाही, पोरीला बघेन आणि येईन.

तो शिडीवरून खाली उतरला. "आपण शब्द दिलाय, नेड्रा," म्हणाला. "एकदा मोडला की मोडला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चेरीच्या बादलीकडे बघत गिळलं. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आतून अभिमानही वाटला. माझा नवरा शब्दाचा पक्का आहे, म्हटलं.

त्या रात्रीच्या मुक्कामावरून सकाळी निघताना तो घाण पाण्याची नळी काढायला वाकला आणि कंबर धरून तसाच राहिला. उठता येईना. लगेच म्हणाला, चल, घरी जाऊ. मी म्हटलं, तू मागे आडवा पड, गाडी मी चालवते, कमानी बघितल्याशिवाय मी घरी येत नाही. त्याने पुष्कळ आढेवेढे घेतले. मला वाटलं, माझ्या हातात गाडी द्यायची म्हणून जिवावर आलंय.

आर्चेसच्या गेटावर गाड्यांची ही लांब रांग. पास नेहमी डेलमारच खिडकीतून पुढे करायचा, मी शेजारी बसून सँडविच बांधत असायचे. या वेळी मी डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेमागून तो ओढला आणि माझ्या लायसन्सबरोबर त्या रेंजर मुलीच्या हातात दिला. सगळ्या उद्यानांना चालणारा वर्षभराचा पास तो, मागे दोघांच्या सह्यांना जागा असते. दोघांपैकी कोणीही एक गाडीत असलं की झालं. दुसऱ्या जागी डेलमारने माझंच नाव घातलं असणार, असं मी धरून चालले होते. तिने पास उलटला, लायसन्स बघितलं, पुन्हा पास बघितला.

"मॅडम, तुमचं नाव यावर नाहीये," ती म्हणाली. "डेलमार क्रँडल आहे, आणि मार्लिस क्रँडल."

मी म्हटलं, काहीतरी चुकतंय, दाखव बघू. तिने पास परत दिला. वरची सही डेलमारची. खालची मार्लिसची. ती आपल्या नावाच्या शेवटी शेपटी काढते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर अक्षरं गिरवायला शिकवलं तेव्हापासून काढते. मी किती रागवायचे त्या शेपटीवरून. तारीख गेल्या ऑक्टोबरची होती.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. रेंजरने विचारलं, या दोघांपैकी कोणी गाडीत आहे का. मी मागे वळून हाक मारली, "डेलमार, ये. तुझं तोंड बघायचंय यांना." तो भिंतीला धरत, वाकून पुढे आला आणि त्याने लायसन्स दाखवलं. माझ्याकडे बघितलं नाही. कान मात्र लाल झाले होते.

आत शिरून पहिली मोकळी जागा दिसली तिथे मी गाडी थांबवली, किल्ली काढून घेतली आणि मुठीत धरली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कॅम्पर घेतला तेव्हापासून."

"आणि हरणं?"

"बंदूक गॅरेजातच असते, नेड्रा. पाच वर्षं. तू कधी बघितलंच नाहीस."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रागाच्या भरात तो बोलून बसला होता. वर्षभरात राग उतरला, पण तोवर मी पत्र परत पाठवलं होतं. मला म्हणतो, तू ते इतकं घट्ट धरून ठेवलंस, की मलाच तुझी भीती वाटायला लागली. कोणत्या तोंडाने सांगणार होतो की मीच मोडलं? मी म्हटलं, काल चेरीच्या झाडाखाली ज्या तोंडाने नाही म्हणालास, त्याच तोंडाने सांगायचंस.

"आणि तिला काय सांगितलंस? मी का येत नाही?"

त्याने माझ्या मुठीतल्या किल्लीकडे बघितलं. मग म्हणाला, "आईला अजून वेळ लागेल, असं."

माझं डोकं फिरलं. नियम ह्याचा, पाळला मी, आणि दगडाच्या काळजाची ठरले मी! दर ऑक्टोबरात हा लेकीच्या हातचं जेवून यायचा आणि मी याच्यासाठी गरम पाणी काढून ठेवायचे, डोंगरात थकला असेल म्हणून. आयुष्यात नवऱ्यावर हात उचलला नाही, पण त्या दिवशी हात शिवशिवले. कंबर धरून उभ्या असलेल्या माणसाला मारणार तरी काय? मी गाडी वळवली. एकही कमान मी पाहिलेली नाही, आजतागायत.

मोआबमध्ये शिरल्यावर मला पत्ता विचारावाच लागला नाही. तो मागून सांगत होता, पंपानंतर डावीकडे, पुढे चढ आहे, हळू घे, तिसरं घर. प्रत्येक वळण त्याला तोंडपाठ होतं. मी वाटेत सगळं ठरवून टाकलं. मार्लिसच्या समोर त्याला उभा करायचा आणि सांगायचं, बघ, तुझा बाप काय आहे तो. मग ती माझ्या गळ्यात पडेल, आणि तो मेला शरमेने.

गाडी थांबते न थांबते तोच एक पोर दार उघडून आत चढली. पायात काही नाही, पुढचे दोन दात पडलेले. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"आजोबा, तुम्ही लवकर आलात," ती म्हणाली. "अजून ऑक्टोबर कुठे झालाय?"

आणि घरच्यासारखी सरळ कपड्यांच्या कपाटाशी गेली, माझा रेनकोट बाजूला सारला, दाराच्या आतल्या बाजूला पाठ लावून ताठ उभी राहिली. त्या दारावर पेन्सिलीच्या रेघा आहेत, एकावर एक. कॅम्पर घेतला त्या वर्षी मी डेलमारला विचारलं होतं, तर म्हणाला, आधीच्या मालकाच्या पोरांची उंची असेल. तेव्हा एकच रेघ होती का दोन, कोण मोजतंय? दर उन्हाळ्यात मी ते कपाट पुसायचे आणि रेघा तेवढ्या सोडायचे. परक्यांच्या का असेनात, पोरांच्या खुणा घरात असलेल्या बऱ्या, म्हणून.

मी मागच्या टेबलाशी जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

मार्लिस पायरीशी येऊन उभी राहिली. हाताला कणीक होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले ते मला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात डेलमार मागून म्हणाला, "वळवलं बघ शेवटी आईचं मन."

मग मात्र मी थांबले नाही. नियम कोणी घातला, शब्द कोणी मोडला, हरणं, बंदूक, चेरीचं झाड, पासावरची सही, सगळं एका दमात सांगितलं. वेळ मला लागत नव्हता, मला कोणी विचारलंच नव्हतं, हेही सांगितलं. डेलमार खाली बघत होता. पोर दाराला पाठ लावून तशीच उभी होती. माझा आवाज चढला म्हणून की काय, तिने डोळे मिटून घेतले होते.

मार्लिसने सगळं ऐकून घेतलं. हाताची कणीक चोळून काढत होती.

"बाबांना खोटं बोलता येत नाही, आई," ती म्हणाली. "कान लाल होतात त्यांचे. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं की ते तुझ्यापासून चोरून येतात. पण येत होते."

"मला कुठे माहीत होतं?" मी म्हटलं. "मला एकदा कळलं असतं तर..."

"मी कळवलं होतं. पाकीट न उघडता परत आलं, वर तुझं अक्षर." ती अजिबात रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "त्यात चर्चचं काही नव्हतं. भांडण नव्हतं. एवढंच होतं, की एप्रिलमध्ये बाळ होणार आहे, मला भीती वाटते, तू ये."

मला वाटलं होतं, त्या पाकिटात वाद असेल, नाहीतर माफी असेल. दोन्हींना माझ्याकडे उत्तर तयार होतं. आणि त्या दिवशी डेलमार घरी नव्हता. मला कोणी अडवलं नव्हतं. पाकीट माझ्या एकटीच्या हातात होतं, आणि मी पेन शोधायला उठले होते.

"आजोबा, काढा ना," पोर म्हणाली. "मी केव्हाची हलत नाहीये."

डेलमारने खणातून पेन्सिल काढली. कंबरेवर एक हात ठेवून, कण्हत, त्याने तिच्या डोक्यावर रेघ ओढली. आधीच्या रेघेच्या दोन बोटं वर आली. पोरीने वळून बघितलं, खूष झाली, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे आली. मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पिशवीत हात घालावा असं मला खूप वाटलं. पण ती पाळण्यातली गोधडी तिच्या गुडघ्यांपर्यंतही आली नसती.

"तुम्ही मम्माच्या जागेवर बसलाय," ती अगदी शहाण्यासारखं म्हणाली. "इथे मम्मा बसते, तिथे मी, आणि तिकडे आजोबा."

मी उठले. कॅम्पर माझा, त्या गाद्यांच्या खोळी माझ्या हातच्या, आणि आता कुठे बसायचं ते मला कळेना.