एका फाइलीतले दोन अभिमन

भागाबाईचा हॉस्पिटलातल्या त्या कॉम्प्युटरवर पहिल्या दिवसापासून राग होता, आणि का नसावा? नवऱ्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, त्या डोळ्याने समोर माणूस उभा आहे की म्हैस ते त्यांना कळेना. म्हणून असोद्याहून जळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं, तर डॉक्टरने डोळ्यात बघायच्या आधी कॉम्प्युटरच्या पडद्यात बघितलं. म्हणाला, "नानांची शुगर तीनशेच्या वर आहे. आधी ती खाली आणा, मग डोळा." सकाळीच रक्त काढलं होतं. त्याचाच रिपोर्ट असेल, असं तिला वाटलं.

"माले काही साखर नाही व," बाहेर आल्यावर अभिमन नाना पुटपुटले.

"हो का? तुम्ही कधी झाले डॉक्टर?" भागाबाई खेकसली. त्या माणसाने जन्मात कोणाशी वाद घातला नव्हता. शिकलेलं कोणी बोललं की मान डोलवायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी गोळ्यांची पिशवी मुकाट्याने काखेत मारली.

मग घरात भागाबाईचा कायदा सुरू झाला. सगळा गाव केळीचा, पण नानांना केळं बंद. चहा फिका. आखाजीच्या सणाला गल्लीभर पुरणाच्या मांड्यांचा घमघमाट सुटलेला आणि नानांच्या ताटात भाकरी न् गिलक्याची भाजी. "एक घास तरी दे," ते म्हणाले. "डोळा पाहिजे का मांडा पाहिजे?" ती म्हणाली. पुढे त्यांना गरगरायला लागलं, हातपाय कापायला लागले, तर ही म्हणायची, गोळी चुकवली असेल. आणि उभी राहून गोळी गिळायला लावायची. करणार काय? डोळ्यासाठीच तर चाललं होतं सगळं.

एका सकाळी नाना उंबऱ्यातच कोसळले. अंगाला दरदरून घाम. पुतण्या गिरधरने दोघांना रिक्षात घालून दिलं आणि भागाबाई त्यांना धरून पुन्हा त्याच हॉस्पिटलाच्या काउंटरसमोर उभी राहिली. तिथला भूषण नावाचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "शुगर अजून दोनशे नव्वद आहे, मावशी. गोळी वाढवावी लागेल."

"कधीची दोनशे नव्वद?"

"परवाची. परवा आले होते ना नाना."

भागाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "परवा? अरे बाबा, परवा हे घरात खाटेवर पडून होते! तुह्या त्या डब्यात कोण येऊन गेलं?"

"सिस्टीममध्ये तसंच आहे, मावशी."

"आग लागो तुह्या सिस्टीमले! हातच्या काकणाले आरसा कायले पाहिजे? माणूस समोर उभा आहे, टोच की त्याच्या बोटाले सुई!"

तिचा आवाज पार दाराबाहेर गेला, म्हणून डॉक्टर स्वतः उठून आला. नानांच्या बोटाचं रक्त तपासलं आणि त्याचा चेहराच उतरला. साखर पन्नासच्याही खाली. "आधी साखरेचं पाणी द्या यांना! परवाचा तो रिपोर्ट यांचा नाहीच. या गोळ्या यांच्या नाहीत!"

भागाबाईने पेला नानांच्या ओठांना लावला. नाना घटाघट प्यायले. माय व, हा माणूस मला सांगत होता आणि मीच ऐकलं नाही, असं तिच्या मनात आलं.

मग उलगडा झाला. असोद्यात अभिमन नथू चौधरी दोन. गावात एक नाना, दुसरा आबा, कधी घोळ होत नाही. पण शाळेत घालताना मास्तरांनी गावच्या निम्म्या पोरांसारखी दोघांची जन्मतारीख एक जून टाकलेली, सालही तेच. फोन नंबर विचारला तेव्हा दोघांनी गिरधरचाच दिला, कारण गल्लीत फोन उचलतो तो एकटा गिरधर. कॉम्प्युटरने दोघांचा एकच माणूस केला. नाना आले की आधी येऊन गेलेल्या आबांची साखर दिसायची, आबा आले की नानांची. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

भागाबाईने भूषणच्याच फोनवरून गिरधरला गाठलं. "आबा कसे आहेत रे?"

"मजेत आहेत, काकू. साखर गेली म्हणून डॉक्टरने गोळ्या बंद केल्या ना. पायाचं बोट तेवढं काळं पडलं आहे, हळद लावून ठेवली आहे."

तिने ते जसंच्या तसं डॉक्टरला सांगितलं. "काळं?" डॉक्टर म्हणाला. "त्यांना आजच आणा. पाय जाईल!" आणि तो फोन करत वॉर्डाकडे धावला.

भूषण खाली मान घालून टकटक करत राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, एक मार्ग आहे. यातल्या आबांच्या नोंदी मी आत्ता पुसतो. फाइल नानांची एकट्याची झाली की येत्या मंगळवारी डोळा होईल. नाहीतर फाइल वेगळी करायला अर्ज वर जातो, दोन महिने कुठे नाही गेले."

"आणि आबांचं?"

"त्यांचं सगळं पहिल्यापासून. तपासण्या, सरकारी योजनेची मंजुरी, सगळं. आज भरती करायचं तर जुन्या नोंदी लागतातच."

मंगळवार! भागाबाईच्या ओठावर आलं होतं, पुस. खोटं कशाला बोला, अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. आबा कोण लागतो आपला? इतके दिवस आमच्या माणसाने त्याच्या गोळ्या गिळल्या, त्याच्या वाट्याचं पथ्य पाळलं. आता आम्हीच थांबायचं? किती थांबायचं माणसाने?

"पुसू नको रे," नाना म्हणाले.

तिने वळून पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते, पेला अजून हातात. आवाज बारीकच होता, पण हुकूम होता.

"अहो, डोळा—"

"डोळा कुठे पळून जातो? एकाने दिसतं माले. त्याचा पाय गेला तर परत येईन का?"

लग्न झाल्यापासून नानांनी तिला कधी अडवलं नव्हतं. तिने भूषणकडे फोनसाठी हात केला.

"गिरधर," ती म्हणाली, "जेवत असतील तर ताटावरून उठव. आबाले घेऊन ये. आत्ता."