भुशीचा जोडीदार

आमच्या बाबांचा माणसांपेक्षा सरसावर विश्वास जास्त. दोन फळ्या एकमेकींना धरत नसल्या की ते कडांवर रंधा फिरवायचे, सरस लावायचे, शिकंज्यात घालून करकचून आवळायचे आणि बजावायचे, "आता कुणी हात लावायचा नाही. सकाळी एक झालेल्या असतील." व्हायच्याही. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातची एक खुर्ची कुणी परत आणली नाही, आणि तिथंच आमचं नशीब फिरलं. जगात जे जे बिनसतं ते असंच आवळून ठेवलं की बसतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं झालं.

ताई मुलीला घेऊन घरी आली तेव्हा तिचा डावा डोळा उघडत नव्हता. बाबांनी त्या डोळ्याकडे पाहिलं, मग हातातल्या लाकडाकडे पाहिलं आणि पुन्हा रंधा सुरू केला.

"रागाच्या भरात एखादी चापट बसते," ते म्हणाले. "थोडे दिवस राहा. रविवारी जावईबापू न्यायला येतील. घरी जाऊन दार लावून नीट बोला. जुळेल."

"त्याच दारात तिची बोटं चेंगरली होती, बाबा," मी म्हणाले.

"तू पॉलिश कर."

दुकानात पॉलिशचं काम माझं. लाकडाला पॉलिश करते, पण जिभेला करायचं राहून गेलं, असं आई होती तेव्हा म्हणायची. मी ताईला म्हटलं, तू जाणार नाहीस. ती म्हणाली, बाबा ठेवून घेणार नसतील तर मी लेकरू घेऊन कुठं जाऊ? मीही बाबांच्याच छपराखाली राहत होते. मला इतका संताप आला की त्या दिवशी एका कपाटाला पॉलिशचे दोन हात जास्तच बसले.

ताईच्या मुलीला, चिमीला, येताना कपडे घ्यायचं भान नव्हतं. तिनं आणलं होतं ते बुटांचं खोकं, आणि त्यात एक हॅमस्टर. उंदराच्या जातीचा मूठभर जीव, रंग बिस्किटासारखा. आमच्या करवतीखालच्या भुशात तिला सोडली की नुसते दोन काळे डोळे तेवढे दिसायचे, म्हणून तिचं नाव भुशी पडलं. दिवसभर ही बाई घोरत पडायची आणि दिवेलागणीला उठून दोन्ही गालांत दाणे कोंबायची, जणू उद्यापासून दुष्काळ. चिमी घरात कुणाशी धड बोलत नव्हती. भुशीशी मात्र टेबलाखाली बसून तिच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. कुणाचा आवाज जरा चढला की ती खोकं छातीशी धरून आणखी आत सरकायची.

बाबांचा नातीवर जीव होता, हे मी नाकारत नाही. सगळं रामायण त्या जिवापायीच घडलं.

"एकटी पडलीये बिचारी," एक दिवस ते भुशीकडे बघून म्हणाले. "हिला जोडीदार आणू."

प्राणी विकणारा दुकानदार बाबांना माझ्यासमोर, स्पष्ट शब्दांत म्हणाला होता, "काका, यांना एकत्र ठेवू नका. ही जात मोठी झाली की एकटीच राहते. दुसरा दिसला की फाडते." बाबा हसले आणि म्हणाले, "सवय नसते हो त्यांना." मग हातातली गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून त्यांनी एक घर बनवलं. काय घर होतं! दुमजली, समोर काच, वर चढायला इवलासा जिना, आणि सांधे असे की केस सरकणार नाही. दार खाचेत वरून खाली बसायचं. झोपायची खोली एकच.

"नवरा-बायकोला दोन खोल्या कशाला?" बाबा म्हणाले.

नव्या नराचं नाव 'जावई' मी ठेवलं. बाबांना ते झोंबलं, पण चिमी पहिल्यांदाच खुदकन हसली, त्यामुळे त्यांनी चालवून घेतलं.

दुपार कलल्यावर बाबांनी दोघांना आत सोडलं, दार खाली सरकवलं आणि नवरा-नवरीला लाज वाटू नये म्हणून घरावर पॉलिशचं फडकं टाकलं. थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग किंचाळी. एवढ्याशा जिवातून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. काचेवर काहीतरी धाडकन आपटलं आणि सगळं घर टेबलावर हललं.

"आजोबा, उघडा!" चिमी धावली.

बाबांनी तिला कमरेला धरून मागे ओढलं. "थांब बाळा. पहिल्यांदा असंच होतं. आत्ता उघडलं तर कधीच जुळायचं नाही."

"उघडा ना! उघडा!" ती लाथा झाडत होती. आत पुन्हा पुन्हा तेच, किंचाळी आणि आपटणं, जिन्यावरून घरंगळणं, मग दाराच्या लाकडावर नखांची खरवड. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिचे दोन्ही हात कानांवर होते. मी पुढे झाले तर बाबा माझ्यावर असे ओरडले की मी, एवढी तोंडाळ बाई, जागच्या जागी थांबले.

मग आवाज बंद झाला.

"बघा," बाबा म्हणाले. "बसलं की नाही?"

चिमीनं त्यांच्या हाताला हिसडा दिला आणि फडकं ओढलं. काच आतून लाल झाली होती. भुशी वरच्या मजल्यावर बसून पुढच्या पायांनी तोंड पुसत होती आणि तिचं बिस्किटी तोंड डोळ्यांपर्यंत रक्तानं माखलं होतं. जावई खाली दाराशी पडला होता. एक कान नाही, एक डोळा नाही, पोट बगलेपर्यंत उसवलेलं, आणि एवढं होऊन त्याची छाती अजून हलत होती.

बाबांनी त्याला फडक्यात गुंडाळून मागच्या मोरीपाशी नेलं आणि लाकडी हातोड्याचा एकच घाव घातला. परत येऊन त्यांनी हातोडा जागेवर टांगला.

"मादीच कजाग निघाली," ते म्हणाले.

"तो दाराशीच होता, आजोबा," चिमी म्हणाली. "त्याला बाहेर यायचं होतं."

पाणी आणून बाबा काच धूत बसले. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले. "अजूनही ताईला पाठवणार आहात?"

"माणसं म्हणजे उंदीर नव्हेत," बाबा म्हणाले.

रविवारी भावोजी आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी, बाबांना वाकून नमस्कार. बाहेरच्या माणसाला वाटावं, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. कारागिरांना सुट्टी होती. दुकानात आम्ही घरचेच होतो.

"चल, आवर," ते ताईला म्हणाले.

"मी येत नाही," ताई म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

भावोजी बाबांकडे बघून हसले, लहान मुलाच्या हट्टाला हसावं तसे. मग टेबलाखाली वाकले. "चिमे, बाहेर ये. आणि ती घाण इथंच टाक."

चिमी भुशीला दोन्ही मुठींत धरून मागे सरकली. त्यांनी तिच्या मुठीत बोटं घातली आणि भुशीनं त्यातलं एक बोट पकडलं. दात नखाच्या मुळापर्यंत गेले असावेत, कारण ते गुरासारखे ओरडले. हात झटकला तरी ती सुटेना, बोटाला लोंबकळत राहिली. मग त्यांनी तो हात तिच्यासकट करवतीच्या लोखंडी टेबलावर आपटला. एकदा, आणि ती सुटून खाली पडल्यावर वरून बूट.

चिमी रडली नाही. ती टेबलाखालून थेट त्यांच्या मांडीवर झेपावली आणि चावली. त्यांनी तिला केसांना धरून उचललं. पाय जमिनीवरून सुटले. ताईनं धावत जाऊन मुलीला कवटाळलं, तेव्हा त्यांचा दुसरा हात वर गेला, सवयीचा हात, नेम धरावाही लागला नाही. आणि त्या हाताखाली बाबा गेले. का गेले, विचार करून गेले की पाय आपोआप गेले, मला सांगता येणार नाही.

मूठ बाबांच्या तोंडावर बसली. हाड वाजलं. बाबा मागे शिकंज्यांच्या रॅकवर कोसळले आणि तिथून भुशात.

"तुम्ही मध्ये पडू नका हो," भावोजी म्हणाले. खरंच असंच म्हणाले, वैतागून.

मी पॉलिशचा डबा त्यांच्या डोळ्यांवर फेकला. स्पिरिट होतं त्यात, झोंबतं. ते डोळे धरून आंधळ्यासारखे वळले तेव्हा खुर्चीचा एक पाय माझ्या हाताला लागला. तो मी त्यांच्या गुडघ्यावर घातला, पाठीवर घातला, पडल्यावर पुन्हा गुडघ्यावर घातला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? शेजारचा कुलूपवाला धावत आला नसता तर मी थांबले नसते. त्यानं भावोजींना ओढत रस्त्यावर नेलं आणि आम्ही शटर आतून लावलं.

बाबा भुशातच बसले होते. हनुवटीवरून रक्ताची धार लागली होती. त्यांनी तोंडात बोट घालून एक दात बाहेर काढला आणि तळहातावर धरून बघत राहिले. ताईनं पदर ओला करून त्यांचं तोंड पुसायला घेतलं.

"पोरी," बाबा म्हणाले. ओठ सुजल्यामुळे शब्द फुटत नव्हते. "तो रोज... असंच मारायचा?"

ताईचा हात थांबला नाही.

"नाही बाबा," ती म्हणाली. "आज तुमच्यासमोर होता, म्हणून हळू मारलं."