चाचणीपुरता आकडा

सरांच्या संशोधन गटात सगळे तिला शंकेखोर म्हणत, आणि खरं सांगायचं तर ती होतीच. नाहीतर सरांचा प्रोग्राम उघडून बघायच्या भानगडीत कोण पडलं असतं? तिथली रीतच अशी, की नव्या विद्यार्थ्याला जुन्याने तो प्रोग्राम द्यायचा, त्याने आपल्या मनातला कृष्णपदार्थाचा, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचा, कण त्यात घालायचा, आणि विश्वाच्या पहिल्या क्षणांतून असे किती कण आज उरले असतील, याचं येईल ते उत्तर मुकाट्याने घ्यायचं.

हिने उघडला आणि कपाळाला हात लावला. विश्व थंड होत जातं तसे जड कणांचे प्रकार एकेक करून संपत जातात, म्हणजे प्रकारांचा आकडा उतरायला हवा. इथे तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच! सरांनी तरुणपणी चाचणीपुरता टाकलेला, मग बदलायचा राहूनच गेलेला. तिने तो उतरता केला. आकाशातल्या मोजमापाशी तंतोतंत जुळणारा सरांचा लाडका कण एकदम दीडपट उरला. झालं, त्याच कणावर उभा असलेला तिचा प्रबंधही कोसळला. परीक्षकांकडे तर तो कधीच पोचला होता. ती पोटभर रडली.

तिने सरांना जाऊन दाखवलं, तेव्हा त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. आधी पदवी पदरात पाडून घे, दुरुस्ती मग सावकाश करू, असं त्यांनी समजावलं. घरी आईनेही तेच सुनावलं, इतकी वर्षं डोकं फोडलंस, आता कशाला ही नसती उठाठेव? तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि केलं मात्र स्वतःच्या मनाचंच.

तोंडी परीक्षेत तिने सरळ दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले, चुकीचा आणि बरोबर. सरांनी चष्मा काढून ठेवला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पुढे वाकून दोन्ही आलेख ताडून पाहू लागल्या.

"म्हणजे तुमचा कण बाद?"

"बाद. माझाही आणि सरांचाही, एकच तो."

"मग पदवी कशाबद्दल द्यायची तुम्हाला?"

"ज्यांनी उघडून पाहिलं नाही त्यांना दिलीत. मला उघडून पाहिल्याबद्दल द्या. नसेल द्यायची तर राहू द्या, पण हा जुना आलेख माझ्या नावावर नको."

पदवी लांबली. प्रबंध नव्याने लिहा, असं सांगून परीक्षक उठले. ती सरांपाशी गेली.

"चूक जाहीर करणारा लेख छापायचा आहे, सर. तुमचं नाव घालू की मी एकटीच छापू?"

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"घाल," ते म्हणाले.