चिंचोक्याची खळ

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. जिल्हा इकडं आला, पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं देवणीकडची माणसं म्हणू लागली. घोंगड्या विणणाऱ्या सणगराच्या घरच्या शरणम्माला मात्र नव्या जिल्ह्याचं भारी कौतुक. लातूरला प्रदर्शन भरणार होतं. तिच्या मागावर गावातल्या पोरांनी विणलेली घोंगडी तिथं पसंत पडली, तर कायमची मागणी मिळणार होती. विक्रीतून पोरांच्या घरी ज्वारी जायची, म्हणून तर आईबाप त्यांना शाळा सुटल्यावर विणकाम शिकायला पाठवत. मागणी नसली, की माग बंद आणि पोरं दुष्काळी कामावर खडी फोडायला.

घोंगडीचे उभे धागे चिंचोक्याच्या खळीनं कडक करावे लागतात. चिंचोके भाजून, सोलून, वाटून खळ शिजवायचं काम पोरांकडंच होतं. पण विणायला बसलं, की धागे तटातट तुटायचे. शरणम्माचं डोकं फिरलं.

"खळ हाय का पानी? कामचुकार मेले! उद्यापासून येऊच नगा!"

पोरं मुंड्या खाली घालून गेली. शरणम्मा चुलीपाशी आवरायला बसली, तर कोपऱ्यातल्या पाटीखाली लपवलेला टरफलांचा ढीग. एवढ्या चिंचोक्यांची खळ केली असती, तर दोन घोंगड्या झाल्या असत्या. पोरांनी ते खाल्ले होते. पोरांना भूक लागते, एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची तिला लाज वाटली.

सकाळी ती त्यांना बोलवायला निघणार, तोच पोरं दारात. छोट्या गंगूनं परकराचा ओचा सोडला. शिवारभर हिंडून वेचलेले कच्चे चिंचोके होते.

"अव्वा, एकबी खाल्ला न्हाई. तोंड हुंगून बघ."

शरणम्माच्या डोळ्यांना धारा लागल्या. सगळे चिंचोके तिनं खापरावर भाजले आणि निम्मे पोरांपुढं ओतले.

"आधी खावा. मंग खळ."

उरलेल्या चिंचोक्यांच्या खळीत निम्मेच धागे भागले. घोंगडी झाली ती लेकराच्या अंगापुरती.

लातूरच्या प्रदर्शनात साहेबानं ती उलटीपालटी केली. "एवढी लहान का?"

"बाकीची पोरांच्या पोटात हाय, साहेब."

साहेबाला काही उमगलं नाही. त्यानं घोंगडी दोन्ही हातांनी ताणून पाहिली. धागा हलला नाही.

"पुढच्या पुऱ्या मापाच्या आणा," तो म्हणाला.

येताना शरणम्मा उदगीरला उतरली आणि बाजारातून दोन पिशव्या चिंचोके घेतले. एक पिशवी खळीची, एक पोरांची.