झाडलेली जागा

बाबा गेले आणि शेजारच्या काकांना आमच्या मागच्या अंगणात उंदीर दिसू लागले. उंदीर आधीही असतील. पण तेव्हा बाबांबरोबर रोज पत्त्यांचा डाव रंगायचा, म्हणून डोळ्यांवर कातडं ओढलेलं होतं. आता त्यांनी मला कुंपणापाशी बोलावून सांगितलं, पाखरांचा फीडर काढ, नाहीतर पुढचा उंदीर दिसला की मी विष घालणार. मग पाखरं मेली तर मला बोलायचं नाही.

फीडर बाबांच्या हातचा होता. मी तो काढणार नव्हते. उंदीर चढू नये म्हणून खांबाला पत्र्याची उलटी टोपी बसवली. दाणे जमिनीवर पडू नयेत म्हणून खाली रुंद ताट टांगलं. बाबा रोज संध्याकाळी खराट्याने खालची जागा झाडत. ते कामच उरलं नाही.

तरी छापखान्यातून घरी यावं तर जमिनीवर बाजरी. मुद्रितं तपासणाऱ्याला जागा चुकलेलं काहीही आधी दिसतं. पाखरं टरफलं सांडतात. हे दाणे अख्खे होते, आणि ताटाच्या बरेच पलीकडे. कुंपणावरून काकांचा हात तिथे सहज पोचला असता. रोज झाडून काढायचं, रोज पुन्हा तेच. चोर तो चोर वर शिरजोर, असं मी आईला म्हटलं. उगाच कुणावर आळ घेऊ नकोस, म्हणत ती वाटाणे सोलत राहिली. तिने त्यांची बाजू घ्यावी, हेही मला खटकलं.

सुट्टीच्या दुपारी, झोपते म्हणून सांगून मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिले. काकांच्या दाराला कुलूप होतं. उघडलं ते आमचं मागचं दार. आई मूठ मिटून खांबाच्या पलीकडे गेली आणि तिथे ती उघडली.

मी बाहेर आले. ती दचकली नाही.

"आई, उंदीर आले तर काका विष घालतील."

"माहीत आहे."

"मग?"

"दाणे पडले नाहीत तर तू झाडत नाहीस. संध्याकाळी खोलीत पडलं की तो आवाज लागतो गं मला."

मी दाणे वेचून डब्यात टाकले. संध्याकाळी खराटा घेतला आणि कोरी जागा झाडली. बाबा झाडत तशी, भिंतीकडून खांबाकडे, सावकाश.

"स्वच्छ तर आहे की," काका कुंपणापलीकडून म्हणाले. "झाडतेस काय?"

आईच्या खोलीची खिडकी उघडी होती. मी पुन्हा भिंतीपासून सुरुवात केली.